सजगता आणि सुरक्षिततेची सेवा: अ‍ॅप ठीकठाक, रात्रपाळीत येऊन बसणारी माणसं मोलाची

मी एका रसायन कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज आहे. त्याआधी बरीच वर्षं कंट्रोल रूममध्ये पॅनेल सांभाळलं. आमच्या व्यवस्थापनाने बाहेरच्या एका सल्लागार संस्थेकडून कामाच्या जागी सजगता आणि सुरक्षितता वाढवण्याची सेवा घेतली. तिचं पहिलं वर्ष नुकतंच संपलं. त्यात मोबाइलवरचं ध्यानाचं अ‍ॅप होतं, सगळ्या पाळ्यांसाठी सत्रं होती, कारखान्याच्या संस्कृतीचं मूल्यमापन होतं आणि त्यानंतरचा पाठपुरावा होता. संस्थेचं नाव मी देत नाही. अशी सेवा आता बरेच जण देतात आणि थोड्याफार फरकाने सगळ्यांकडे हेच मिळतं. तेव्हा यातल्या कोणत्या भागासाठी आग्रह धरायचा आणि कोणता सोडून दिला तरी चालतो, ते सांगते.

माझं मत आधीच देते: सेवा घ्यावी. पण माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर जे असतं त्यासाठी नव्हे. कामगाराचं लक्ष कामावर राहतं की नाही हे त्याच्या एकट्याच्या हातात फार थोडं असतं. त्याच्या लक्षात आलेल्या गोष्टीचं कारखाना पुढे काय करतो, यावर ते ठरतं. या सेवेचा जो भाग हे ओळखून बांधलेला होता तो उत्तम निघाला. जो भाग हे विसरला तो वाया गेला.

आधी अ‍ॅप आणि सत्रं. सत्रात डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायचं, खांदे सैल सोडायचे, मन भटकलं की हळूच परत आणायचं. शिकवणाऱ्या बाई मनापासून शिकवत होत्या. आमच्या एका ऑपरेटरला रात्रपाळीनंतर दिवसा झोप लागत नसे, त्याला याचा फायदा झाला आणि तो अजूनही ते करतो. त्यात वाईट काहीच नाही. माझा आक्षेप सत्रामागच्या गृहीतकाला आहे. अपघात झाला म्हणजे कुणाचं तरी लक्ष उडालं होतं, आणि लक्ष शिकवलं की अपघात टळतील, असं तिथे धरून चाललं होतं.

टेक्सास सिटीच्या रिफायनरीत २००५च्या मार्चमध्ये स्फोट झाला, १५ माणसं गेली. स्टार्टअपच्या, म्हणजे बंद प्लांट पुन्हा चालू करण्याच्या, वेळी टॉवर द्रवाने प्रमाणाबाहेर भरत गेला आणि पॅनेलवर ते दिसलं नाही. लेव्हल दाखवणारं उपकरण चुकीचं रीडिंग देत होतं, हाय लेव्हलचा एक अलार्म वाजलाच नाही, रात्रपाळीने लॉगबुकात जेमतेम एक ओळ लिहून ठेवली होती. आणि चौकशीत असंही पुढे आलं की दिवसपाळीचा पॅनेल ऑपरेटर सलग २९ दिवस बारा-बारा तास काम करत होता. त्या माणसाला श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवून काय झालं असतं? तसंच १९९४ साली वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत स्फोटाआधीच्या शेवटच्या अकरा मिनिटांत ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले होते. पॅनेलवर बसलेल्या माणसाला हा आकडा समजावून सांगावा लागत नाही. अलार्मचा पूर आला की हात आपोआप ‘अ‍ॅक्नॉलेज’वर जातो आणि वाचण्याआधीच पुढचा अलार्म येतो. यातलं महत्त्वाचं कोणतं हे ठरवायला डोक्याला उसंतच राहत नाही. अलार्म कमी करणं, त्यांचा क्रम लावणं आणि माणसाला पुरेशी सुट्टी देणं ही कामं ऑपरेटरची नाहीत, व्यवस्थापनाची आहेत.

मी हे सत्रातच बोलले. बाईंनी वाद घातला नाही. “हे मूल्यमापन करणाऱ्या टीमला सांगा, ते त्यांच्या कामाचं आहे,” असं म्हणून त्यांनी ते लिहून घेतलं आणि खरोखर पुढे पोचवलं. याचे गुण मी त्यांना पूर्ण देते.

अ‍ॅपबद्दल मात्र एक गंभीर गोष्ट. कोण किती मिनिटं ध्यान करतो याचा तक्ता विभागप्रमुखांना दिसत होता. हे कळताच लोकांनी फोन चालू करून टेबलावर ठेवून द्यायला सुरुवात केली. माणसाच्या मनाच्या कसरतीवर साहेबांची नजर असेल तर ती कसरत राहत नाही, हजेरी होते. तक्रार केल्यावर तो तक्ता बंद झाला, पण तोवर अ‍ॅपवरचा विश्वास गेला होता. तुम्ही घेणार असाल तर करारावर सही करण्याआधीच विचारा की ही माहिती कुणाला दिसणार.

सत्रांमधली एक गोष्ट मात्र आम्ही उचलली आणि ती टिकली, निदान काही पाळ्यांत. जपानच्या रेल्वेत चालक आणि गार्ड सिग्नलकडे बोट दाखवून त्याची स्थिती मोठ्याने उच्चारतात. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेने १९९४ साली केलेल्या प्रयोगात, बोट दाखवून उच्चार केल्यावर साध्या कामातल्या चुका जवळजवळ ८५ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. आम्ही ते लाइनिंग करताना, म्हणजे व्हॉल्व्ह उघडून-बंद करून पाइपमधली वाट ठरवताना, वापरतो: व्हॉल्व्हच्या टॅगकडे बोट, टॅग नंबर मोठ्याने, ‘उघडा’ किंवा ‘बंद’ मोठ्याने, मगच हात. सुरुवातीला सगळ्यांनाच संकोच वाटला. ज्या पाळीत इन्चार्ज स्वतः आधी बोट दाखवून बोलला तिथे तो संकोच आठवड्याभरात गेला. एका पाळीत इन्चार्ज हात बांधून बाजूला उभा राहायचा, तिथे पद्धत महिनाही टिकली नाही. दोन्ही पाळ्यांना शिकवणारी व्यक्ती तीच, सत्र तेच आणि व्हॉल्व्हही तेच.

आता मूल्यमापनाकडे येते, कारण या सेवेचा जीव तिथे आहे.

टीममध्ये तीन जण होते. त्यातल्या एकाने आयुष्याचा बराच काळ प्लांटमध्ये काढला होता आणि ते दिसत होतं. त्यांनी कॉन्फरन्स रूममध्ये बसून मुलाखती घेतल्या नाहीत. पाळी बदलताना येऊन उभे राहायचे, रात्री दोनला कंट्रोल रूममध्ये खुर्ची ओढून बसायचे, शटडाऊनच्या, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लांट बंद असण्याच्या, काळात परमिट (धोक्याच्या कामाची लेखी परवानगी) देणाऱ्या ऑफिसच्या रांगेत थांबायचे. पहिल्या रात्री सगळे सावध होते. दोन-तीन रात्रींनी लोक नेहमीसारखं वागू लागले, आणि मग त्यांना खरं दिसलं. धोका दिसताच यंत्र आपोआप थांबवणारा कुठला इंटरलॉक नेहमीच बायपासवर, म्हणजे निकामी करून, ठेवलेला असतो, गॅस टेस्टची वेळ परमिटवर आधीच कशी भरून ठेवली जाते, आणि पुढच्या पाळीला काम सोपवण्याचा हँडओव्हर निघायच्या घाईत जिन्यात कसा उरकतो.

हँडओव्हरवर त्यांनी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो योग्यच होता. नॉर्थ सीमधल्या पायपर अल्फा या तेल प्लॅटफॉर्मवर १९८८च्या जुलैत १६७ माणसं मेली. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता आणि त्या जागी नुसतं झाकण बसवलेलं होतं. व्हॉल्व्हचं परमिट वेगळं होतं आणि पंपाचं वेगळं. रात्रपाळीला पंपाचं माहीत होतं, व्हॉल्व्हचं कुणी सांगितलं नव्हतं. दुसरा पंप बंद पडला तेव्हा त्यांनी हा चालू केला. त्या रात्रीची माणसं झोपेत नव्हती. त्यांच्यापुढे जेवढं होतं तेवढ्याकडे त्यांचं नीट लक्ष होतं. सांगायची गोष्ट त्यांच्यापर्यंत येण्याची वाटच तुटलेली होती.

आमच्याकडे यातून झालेला बदल दिसायला साधा आहे. हँडओव्हरसाठी दोन्ही पाळ्यांच्या वेळा काही मिनिटं एकमेकींवर चढवल्या आणि त्या मिनिटांचा पगार द्यायचं व्यवस्थापनाने मान्य केलं. आता हँडओव्हर पॅनेलसमोर उभं राहून होतो. जाणारा आधी काय अर्धवट आहे ते सांगतो, मग काय ठीक आहे ते. घेणारा ते आपल्या शब्दांत परत बोलून दाखवतो. एका उपकरणावर दोन परमिट असतील तर ती एकत्र टाचलेली असतात. इतकी वर्षं ‘हँडओव्हर नीट करा’ अशा सूचना लागत होत्या आणि त्यासाठीचा वेळ कुणीच देत नव्हतं. वेळ दिल्यावर लोकांनी ते आपोआप नीट केलं.

या टीमच्या बोलण्यात कार्ल वाइक आणि कॅथलीन सटक्लिफ यांचा उल्लेख वारंवार यायचा. विमानवाहू जहाजं, अणुवीज केंद्रं, हवाई वाहतूक नियंत्रण अशा, चुकीला जागाच नसलेल्या संस्था कशा चालतात याचा विचार या दोघांनी मांडला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सजगता हा संपूर्ण संस्थेचा गुण असतो. अशी संस्था लहान बिघाडांच्या मागे लागते, सोप्या स्पष्टीकरणावर समाधान मानत नाही, प्रत्यक्ष कामावर काय चाललंय याची खबर ठेवते, बिघडलं तर सावरायची तयारी ठेवते, आणि अडचणीच्या वेळी हुद्दा बाजूला ठेवून ज्याला ते काम कळतं त्याचं ऐकते. कार्ल विन्सन या अमेरिकन विमानवाहू जहाजावरचा प्रसंग टीमने सांगितला. डेकवर काम करणाऱ्या एका खलाशाच्या लक्षात आलं की आपलं एक हत्यार हरवलंय, आणि त्याने तसं सांगितलं. डेकवरचा सुटा लोखंडी तुकडा इंजिनात गेला तर विमान जातं. हवेतली विमानं जमिनीवरच्या तळांकडे वळवली गेली, डेक पिंजून काढला, हत्यार सापडलं. दुसऱ्या दिवशी त्याच डेकवर सगळ्यांसमोर त्या खलाशाचा सत्कार झाला.

हे ऐकून आमचा एक फिटर म्हणाला, “आमच्याकडे आधी मेमो मिळाला असता.” खोलीत प्लांट मॅनेजर बसले होते. ते गप्प राहिले, पण त्यांनी ते वाक्य वहीत लिहिताना मी पाहिलं.

मेमोचा मुद्दा खरा होता. आमच्या निअर मिसच्या, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या, फॉर्मवर वरून दुसराच रकाना होता ‘जबाबदार व्यक्ती’. असा फॉर्म भरून स्वतःचं किंवा शेजारच्याचं नाव कोण लिहील? टीमने तो रकाना काढायला लावला. त्या जागी दोन प्रश्न आले: काय दिसलं, आणि ते तसं होणं कशामुळे सोपं झालं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांनी आम्हा सुपरवायझर आणि इन्चार्ज मंडळींना समोरासमोर बसवून सराव करून घेतला. एकाने वाईट बातमी आणायची, दुसऱ्याने ऐकायची. ऐकणाऱ्याचं पहिलं वाक्य काय निघतं, त्या वेळी त्याचा चेहरा कसा होतो, ते बाकीच्यांनी सांगायचं. “आत्ता सांगतोस?”, “कुणी केलं?”, “किती वेळ जाईल?” ही वाक्यं आमच्या तोंडात किती बसलेली आहेत हे सगळ्यांना तिथे ऐकू आलं. हा सराव एकदाच झाला नाही, दर महिन्याला झाला. संपूर्ण सेवेतलं एकच काहीतरी ठेवायचं झालं तर मी हे ठेवेन.

काही महिन्यांनी निअर मिसचे फॉर्म भराभर वाढले आणि वरच्या कार्यालयातून काळजीचा फोन आला की कारखाना बिघडतोय का. इथे टीम आमच्या बाजूने उभी राहिली. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या टीमचा अभ्यास केला होता. चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद कमी असेल अशी त्यांची अपेक्षा होती, निघाली ती जास्त. चांगल्या टीममध्ये लोक चुकांबद्दल मोकळेपणाने बोलत होते, म्हणून त्या नोंदवल्या जात होत्या. टीमने हे वरच्या साहेबांना सांगितलं आणि सोबत आमचे खरे फॉर्म वाचून दाखवले, नावं काढून. तेव्हापासून फॉर्मची संख्या कुणाच्याही वार्षिक मूल्यांकनात धरली जात नाही.

गेटवरचा ‘अपघाताविना दिवस’ हा फलकही तेव्हाच उतरला. त्याला बराच विरोध झाला, काही जुन्या लोकांना त्या आकड्याचा अभिमान होता आणि तो मला समजतो. पण डीपवॉटर होरायझन या समुद्रात तेलविहीर खोदणाऱ्या रिगवर २०१० साली ज्या दिवशी स्फोट होऊन ११ माणसं गेली, त्याच दिवशी कंपन्यांचे अधिकारी तिथे आले होते, आणि त्या रिगने सात वर्षं कामाचा दिवस बुडवणारा अपघात होऊ दिला नाही म्हणून कौतुक चाललं होतं. बोट कापणं, घसरून पडणं हे मोजणारा आकडा विहिरीतला दाब मोजत नाही. शिवाय फलकावरचा आकडा मोठा होत गेला की तो शून्यावर आणणारा माणूस होण्याची भीतीही मोठी होत जाते, आणि मग लोक बोटाला चिंधी बांधून गप्प बसतात.

या सगळ्याचा कस लागला तो वर्षाच्या उत्तरार्धात, शटडाऊन संपवून स्टार्टअप करताना. उशीर झालेला होता आणि उत्पादन विभागाचे फोन सुरू होते. लाइनमधले सगळे ब्लाइंड, म्हणजे दुरुस्तीच्या वेळी पाइप बंद ठेवायला घातलेल्या धातूच्या चकत्या, काढल्याच्या यादीवर सह्या झालेल्या होत्या. एका कंत्राटी हेल्परने रॅकवर ठेवलेले ब्लाइंड मोजले, तर यादीपेक्षा एक कमी. त्याने फिटरला सांगितलं, फिटरने मला. आम्ही थांबवलं. लाइन पुन्हा तपासायला रात्रीचा मोठा भाग गेला. सगळे ब्लाइंड निघालेले होते, एक जण त्यातला एक घासायला वर्कशॉपमध्ये घेऊन गेला होता. म्हणजे धोका काही नव्हता.

सकाळी प्लांट मॅनेजर टूलबॉक्स टॉकला, म्हणजे कामाआधीच्या सुरक्षेच्या छोट्या बैठकीला, आले. मला धाकधूक होती. त्यांनी त्या हेल्परला पुढे बोलावलं, त्याचे आभार मानले आणि सगळ्यांना सांगितलं की उशिराची जबाबदारी माझी, उद्या पुन्हा एक ब्लाइंड कमी दिसला तर पुन्हा थांबवा. धोका खरा निघाल्यावर शाबासकी देणं सोपं असतं. इथे शंका खोटी ठरली होती, रात्र गेली होती, आणि तरीही आभार मानले गेले. त्या सकाळनंतर कंत्राटी मंडळी माझ्याशी थेट बोलायला लागली, त्याआधी ती ठेकेदाराच्या माणसामार्फतच बोलत.

आता उणिवा. सर्वेक्षण निनावी होतं असं सांगितलं गेलं, पण त्यात विभाग, पाळी आणि नोकरीची वर्षं विचारली होती. चार माणसांच्या पाळीत एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. आम्ही दाखवून दिल्यावर त्यांनी ते प्रश्न काढले. खरं तर हे त्यांना आधी सुचायला हवं होतं.

दुसरी उणीव मोठी आहे. कंत्राटी कामगार आमच्या हजेरीपटावर नाहीत म्हणून त्यांना सत्रांतूनही वगळलं होतं आणि सर्वेक्षणातूनही. सगळ्यात धोक्याची कामं तेच करतात: टाकीच्या आत उतरणं, उंचीवर चढणं, पाइपांचे जोड, म्हणजे फ्लँज, उघडणं. ब्लाइंड मोजणारा मुलगा या सेवेच्या एकाही यादीत नव्हता. कारखान्याच्या निम्म्या डोळ्यांना वगळून केलेलं संस्कृतीचं मूल्यमापन अपुरंच राहतं, आणि हे मी टीमला अहवालाच्या बैठकीत सांगितलं.

तिसरी गोष्ट ओव्हरटाइमची. अहवालात थकव्याबद्दल चांगलं प्रकरण आहे, पण मनुष्यबळ वाढवा असं स्पष्ट कुठेच लिहिलेलं नाही. ‘पुनर्विचार करावा’ अशा शब्दांत ते विरलं आहे. पैसे देणाऱ्या ग्राहकाला न दुखवता लिहिल्यासारखं ते वाटतं. बदली माणूस न आल्याने दुसरी पाळी ओढणारे ऑपरेटर आजही आहेत, आणि त्यांच्यासाठी या वर्षात फारसं काही बदललेलं नाही.

ज्या कारखान्यात सर्वात वरचा माणूस स्वतः वाईट बातमी ऐकायच्या सरावाला बसायला तयार नाही, तिथे ही सेवा घेऊ नये. लोकांची आशा वाढेल आणि मोडेल, आणि मोडल्यावर ते आधीपेक्षा जास्त गप्प होतील. तो बसायला तयार असेल तर जरूर घ्या. मूल्यमापन करणाऱ्यांपैकी एकाने तरी प्लांटमध्ये पाळ्या केल्या आहेत का ते विचारा, ते रात्री येणार का ते विचारा, आणि अहवाल व्यवस्थापनाला आणि कामगारांना एकाच आठवड्यात वाचून दाखवला जाईल हे करारात लिहून घ्या. आमच्याकडे ते लिहून घेतलं होतं म्हणून तो वाचून दाखवला गेला.

दुसऱ्या वर्षाचं बोलणं सध्या चालू आहे. अ‍ॅप काढून टाका आणि तो खर्च रात्रपाळीच्या भेटींवर आणि कंत्राटी कामगारांच्या सत्रांवर वळवा, अशी मागणी आम्ही सगळ्या इन्चार्जनी सह्या करून दिली आहे. रात्रीच्या भेटी संस्थेने मान्य केल्या. कंत्राटी कामगारांसाठी त्यांना ठेकेदारांची संमती आणि त्या तासांची मजुरी कोण देणार याचं उत्तर हवं आहे, आणि ते उत्तर आमच्या व्यवस्थापनाने द्यायचं आहे.